मधला माणूस : सेऊलमधल्या एका रात्रीकडे जाणारा घटनाक्रम

२० मार्च २०२४च्या रात्री दक्षिण कोरियाच्या सेऊलमध्ये, सामना जिंकून आलेल्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल संघाला ड्रेसिंग रूममध्ये थांबवून घेण्यात आलं. संघाचे मालक बोलले, व्यवस्थापनातले मोठे अधिकारी बोलले. सगळं इंग्रजीत चाललं होतं. त्या खोलीतला सर्वात महागडा खेळाडू, शोहेई ओहतानी, समोर बसून ऐकत होता आणि त्याला अर्धवटच कळत होतं. इतकी वर्षं प्रत्येक वाक्य जपानीत करून त्याच्या कानात सांगणारा माणूस शेजारी नव्हता. तो समोर उभा राहून स्वतःच्याच गुन्ह्याबद्दल बोलत होता.

दहा वर्षांची मैत्री आणि १ कोटी ७० लाख डॉलर त्या खोलीत उघडे पडले. हे एका रात्रीत झालं नाही. थांबण्याच्या, थांबवण्याच्या कितीतरी जागा वाटेत होत्या.

२०१८, ॲरिझोना

इप्पेई मिझुहारा जपानच्या होक्काइदो बेटावर जन्मला आणि कॅलिफोर्नियात वाढला. पुढे तो होक्काइदोच्याच निप्पॉन-हॅम फायटर्स संघात परदेशी खेळाडूंचा दुभाषी झाला. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, शाळेतून नुकताच बाहेर पडलेला ओहतानी त्या संघात आला. चेंडू फेकणारा पिचर आणि फटके मारणारा बॅटर ही बेसबॉलमध्ये दोन वेगळी आयुष्यं असतात. हा मुलगा दोन्ही जगत होता, तेही असं की बेब रूथनंतर जवळपास शंभर वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. २०१८च्या हंगामासाठी तो अमेरिकेत एंजेल्स संघाकडे आला तेव्हा मिझुहारा त्याच्यासोबत आला.

नावाला दुभाषी; प्रत्यक्षात सारथी, कारभारी, सरावातला जोडीदार आणि मित्र. २०२१च्या होम रन स्पर्धेत ओहतानी फटके मारत होता तेव्हा मागे ग्लोव्ह घालून बसलेला माणूस मिझुहाराच होता.

ॲरिझोनात संघाचं सराव शिबिर असताना ओहतानीनं तिथल्या एका बँकेत खातं उघडलं. फॉर्म समजावून सांगायला मिझुहारा बरोबर होताच. ओहतानीचा पगार त्या खात्यात जमा होऊ लागला. ओहतानीनं ते खातं स्वतः ऑनलाइन कधी पाहिलं नाही. त्याच्या एजंटानं, हिशेबनिसांनी, आर्थिक सल्लागारानं त्या खात्याबद्दल विचारलं, तर मिझुहाराचं उत्तर ठरलेलं असे: शोहेईला हे खातं खासगी ठेवायचंय. त्या मंडळींपैकी जपानी कुणालाच येत नव्हतं. शोहेईला खरंच तसं हवंय का, हे विचारायचं तर मिझुहारामार्फतच विचारायचं. म्हणून ते कुणी विचारलंच नाही.

या प्रकरणात मला सर्वात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. अब्जाधीश संघ, जगातली बलाढ्य खेळाडू-व्यवस्थापन संस्था, बँक, करसल्लागार, सगळे जिथल्या तिथे होते. एका तासासाठी दुसरा दुभाषी बोलवायला किती खर्च आला असता?

१५ नोव्हेंबर २०२१

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मिझुहारा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू बॉयर या बुकीकडे सट्टा खेळू लागला होता. कॅलिफोर्नियात खेळावरचा सट्टा बेकायदा आहे. पण अशा बुकीचं खरं आमिष वेगळं असतं. कायदेशीर सट्ट्यात आधी पैसे भरावे लागतात. बुकी उधारीवर खेळू देतो. तो गिऱ्हाइकाला एका वेबसाइटचं खातं देतो, उधारीची एक मर्यादा ठरवून देतो आणि हिशेब नंतर करतो. खिशात पैसा नसलेला माणूसही लाखाची बाजी लावू शकतो. फक्त त्याच्याकडून वसुली होईल, अशी बुकीला खात्री हवी.

मिझुहाराच्या बाबतीत ती खात्री कशाच्या जोरावर होती, हे सांगायला नको.

काही आठवड्यांतच तो हरू लागला. १५ नोव्हेंबरला ओहतानीच्या खात्यातून बुकीच्या माणसाकडे पहिली रक्कम गेली : ४०,०१० डॉलर. तीनच दिवसांनी ओहतानी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकमतानं निवडला गेला. जपानमध्ये जल्लोष झाला.

२०२२

बँकेच्या खात्यावरचा संपर्काचा फोन नंबर आणि ईमेल आता मिझुहाराचा होता. बँकेला संशय आला की ती फोन करायची, आणि तो फोन मिझुहाराच उचलायचा.

अशा एका फोनचं ध्वनिमुद्रण पुढे सरकारी पक्षानं न्यायालयापुढे ठेवलं. बँकेची कर्मचारी नाव विचारते. पलीकडचा माणूस शांतपणे सांगतो, शोहेई ओहतानी. ती फोनवर पाठवलेले सहा आकडे वाचून दाखवायला सांगते; तो वाचून दाखवतो. किती पाठवायचेत? दोन लाख डॉलर. कशासाठी? गाडीच्या कर्जासाठी. ज्याला पाठवताय तो कोण? मित्र. त्याला प्रत्यक्ष भेटला आहात? हो, पुष्कळदा. पुढेही त्याला पैसे पाठवणार का? कदाचित.

आवाजात घाई नाही, कंप नाही. बँकेनं नियमाप्रमाणे प्रत्येक प्रश्न विचारला आणि प्रत्येकाचं उत्तर तिला मिळालं. प्रश्न चुकीच्या माणसाला जात होते, एवढीच गोष्ट त्या यादीत बसत नव्हती. सुमारे दोन डझन वेळा तो फोनवर ओहतानी बनून बोलला, असं सरकारी वकिलांनी सांगितलं.

जून २०२३ : नऊ महिने उरले

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जपाननं विश्वचषक जिंकला होता. अंतिम सामन्याच्या शेवटच्या क्षणी ओहतानीनं आपलाच एंजेल्समधला सहकारी माइक ट्राउट याला बाद केलं होतं. मिझुहाराही जपानच्या संघाबरोबर होता आणि जपानमध्ये घराघरांत ओळखला जात होता.

जूनमध्ये तो बुकीला लिहितो की आपण पुन्हा साफ झोपलोय, शेवटची म्हणून उधारीची मर्यादा वाढवून दे. आणखी काही दिवसांनी लिहितो : मला हा त्रासच लागलाय, शेवटची, अगदी शेवटची, खरोखर शेवटची वाढ दे. मर्यादा वाढत राहते. हे निरोप वाचताना संताप येतो आणि कणवही येते. व्यसनात सापडलेल्या माणसाला आपण बुडतोय हे दिसत असतं, आणि तरीही हात त्याच बटणावर जातो.

डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात त्यानं सुमारे १९,००० बाज्या लावल्या. दिवसाला सरासरी पंचवीस. १० डॉलरपासून १,६०,००० डॉलरपर्यंत. सरासरी एका बाजीला १२,८०० डॉलर. आपला पगार वर्षाला ३ ते ५ लाख डॉलर असल्याचं त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. जिंकलेल्या बाज्यांची बेरीज १४ कोटी २२ लाख डॉलर, हरलेल्यांची १८ कोटी २९ लाख. म्हणजे निव्वळ घाटा ४ कोटी डॉलरहून जास्त. बेसबॉलवर त्यानं एकही बाजी लावल्याचं तपासात आढळलं नाही. जिंकलेला पैसा त्याच्या स्वतःच्या खात्यात गेला, हरलेला ओहतानीच्या खात्यातून.

१६ आणि १७ नोव्हेंबर २०२३ : चार महिने

१६ नोव्हेंबरला ओहतानी पुन्हा एकमतानं सर्वोत्तम खेळाडू ठरला. घोषणेच्या थेट प्रक्षेपणात तो सोफ्यावर बसला होता, मांडीजवळ पांढऱ्या-तपकिरी रंगाचा कुत्रा. सारं जग त्या कुत्र्याच्या प्रेमात पडलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला, बुकीनं मिझुहाराला निरोप पाठवला. तू फोन का उचलत नाहीस? मी न्यूपोर्ट बीचवर आहे, आणि तो समोर कुत्र्याला फिरवताना दिसतोय. जाऊन त्यालाच विचारतो, तुला कुठे गाठायचं ते.

हा निरोप मी अनेकदा वाचला. तो माणूस खरंच तिथे होता की नुसता धाक घालत होता, हे बाजूला ठेवू. बुकीनं पुढे जाऊन हाक मारली असती, तर ओहतानीला सगळं त्या रस्त्यावरच कळलं असतं. तसं झालं नाही.

दरम्यान दुसरीकडून धागा सुटू लागला होता. ऑक्टोबरमध्येच केंद्रीय तपास यंत्रणांनी बॉयरच्या घरावर छापा घातला होता. बुकीकडे आलेल्या बँक व्यवहारांच्या कागदांत ओहतानी हे नाव होतं. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधले पाच-पाच लाख डॉलरचे दोन व्यवहार पुढे ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या पत्रकारांच्या हाती लागले.

डिसेंबरात ओहतानीनं डॉजर्सबरोबर दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यातले ६८ कोटी त्यानं पुढच्या दशकावर ढकलले, म्हणजे संघाला आताच बाकीचे चांगले खेळाडू घेता यावेत. स्वतःचा पैसा इतक्या निःशंकपणे दूर ठेवू शकणाऱ्या माणसाच्या खात्यावर दुसरा कुणी बसलेला होता. ६ जानेवारीला बुकीनं बजावलं की आज संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही, तर गोष्ट माझ्या हातात राहणार नाही.

१५ ते १९ मार्च २०२४ : पाच दिवस

डॉजर्स आणि सॅन दिएगो पॅड्रेस हंगामातले पहिले दोन सामने सेऊलमध्ये खेळणार होते. १५ मार्चला संघ उतरला. ओहतानीच्या लग्नाची बातमी नुकतीच, फेब्रुवारीअखेर जाहीर झाली होती. पत्नीही सोबत होती. विमानतळावर गर्दी.

त्याच सुमाराला पत्रकारांनी ओहतानीच्या प्रतिनिधींना प्रश्न पाठवले : हे पैसे बुकीकडे कसे गेले? प्रतिनिधींनी मिझुहाराला विचारलं. आधी त्यानं सांगितलं, शोहेईनं एका मित्राचं देणं भागवलं. दुसऱ्या दिवशी आणखी खोदून विचारल्यावर म्हणाला, देणं माझंच होतं, पण शोहेईनं आपण होऊन भरलं. मंडळींनी संकटकाळात माध्यमांना तोंड देणारा जाणकार प्रवक्ता नेमला. अमेरिकेतल्या घड्याळानुसार मंगळवारी, १९ तारखेला, त्या प्रवक्त्यानं मिझुहाराची ईएसपीएनशी फोनवर गाठ घालून दिली. तो दीड तास बोलला. शोहेई रागावला, पण मदत करायला तयार झाला. संगणकावर बसून आठ-नऊ वेळा पैसे पाठवले. मला हातात रोख देईना, कारण मी ते पुन्हा उडवले असते, असा त्याचा सूर.

ओहतानीला या सगळ्याचा पत्ता नव्हता. पत्रकारांनी विचारणा केली आहे, हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. त्याच्या नावानं उत्तरं मात्र दिली जात होती. विचारणारे आणि ओहतानी यांच्यामध्ये नेहमीसारखा तोच माणूस उभा होता, आणि आता तो स्वतःच्या जिवासाठी उभा होता.

बुधवार २० मार्च, संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटं

गोचेओक स्काय डोम. त्याआधी ओहतानीला इजा करण्यासाठी बॉम्ब ठेवल्याची धमकी पोलिसांना मिळाली होती. पोलिसांनी मैदान पिंजून काढलं, काही सापडलं नाही. डॉजर्सच्या बाकावर ओहतानी आणि मिझुहारा शेजारी शेजारी, हसत-बोलत. कॅमेऱ्यांनी ते टिपलं.

आठव्या डावापर्यंत पॅड्रेस २-१ नं पुढे. मग बरोबरी झाली, आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट घडली. जमिनीलगत आलेला साधा चेंडू पॅड्रेसच्या जेक क्रोनेनवर्थनं ग्लोव्हमध्ये घेतला आणि चेंडू ग्लोव्हची वीण फाडून आरपार निघून गेला. डॉजर्सनी आघाडी घेतली. पुढे ओहतानीनंही फटका मारून एक धाव मिळवून दिली. ५-२ नं विजय. डॉजर्सकडून त्याचा हा पहिला अधिकृत सामना.

सामन्यानंतर, ड्रेसिंग रूम

मालक मार्क वॉल्टर यांनी खेळाडूंना सांगितलं की एक वाईट बातमी येणार आहे. मिझुहारानं माफी मागितली. चूक माझी, मला जुगाराचं व्यसन आहे. मग बेसबॉल विभागाचे प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन यांनी खेळाडूंना सांगितलं की शोहेईनं त्याचं देणं फेडायला मदत केली.

म्हणजे ओहतानी समोर बसलेला असताना, त्यानं न केलेली गोष्ट त्यानं केली म्हणून सगळ्या संघाला सांगितली गेली. ती त्याला भाषांतर करून सांगणारं कुणी नव्हतं. त्याला थोडं कळलं, काहीतरी बिनसलंय एवढं जाणवलं. त्यानं मिझुहाराला विचारलं. उत्तर आलं : हॉटेलवर गेल्यावर सविस्तर बोलू.

त्याच रात्री, हॉटेल

दोघंच. तिथे ओहतानीला पहिल्यांदा कळलं की मिझुहारावर डोंगराएवढं कर्ज आहे, आणि ते आपल्या खात्यातून भरलं गेलंय. ओहतानीनं लगेच आपल्या प्रतिनिधींना बोलावलं. त्यानंतर संघ आणि वकील आले.

आणि आता, पहिल्यांदाच, ओहतानीचं म्हणणं मिझुहाराला वगळून लोकांपर्यंत पोहोचलं. त्यासरशी इतके दिवस सांगितली गेलेली कहाणी उलटली. सकाळपर्यंत प्रवक्त्यानं आपला आधीचा खुलासा मागे घेतला. वकिलांनी निवेदन काढलं : माध्यमांच्या प्रश्नांना उत्तरं शोधताना ओहतानी एका प्रचंड चोरीला बळी पडल्याचं आढळलं आहे, प्रकरण अधिकाऱ्यांकडे सोपवत आहोत. डॉजर्सनी मिझुहाराला काढून टाकलं.

त्याच सुमाराला मिझुहारानं बुकीला निरोप पाठवून विचारलं, बातम्या पाहिल्यास का? बुकीला वाटलं, चोरीचा आरोप हा बचावासाठी रचलेला बनाव आहे, आणि तसं त्यानं लिहिलं. मिझुहारानं उत्तर दिलं की तसं पाहिलं तर मी चोरी केलीच आहे, माझं सगळं संपलं. तपासकर्त्यांना पुढे हाच निरोप सर्वात मोलाचा ठरला असणार.

गुरुवार २१ मार्च

दुसरा सामना. ओहतानी खेळला. बाकावर शेजारची जागा बदललेली. पॅड्रेस १५-११ नं जिंकले.

बाहेर निकाल आधीच लावला गेला होता. ओहतानीच सट्टा खेळत असणार, मित्राला पुढे केलंय, असं नावाजलेली माणसंही बोलू लागली. दोन दिवसांत कहाणी बदलली हाच त्यांचा पुरावा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर अन्यायच वाटतो. दोन्ही कहाण्या ओहतानीच्या नव्हत्याच. पहिली मिझुहाराची होती. ओहतानीनं तोंड उघडल्याबरोबर ती पडली.

२५ मार्च, लॉस एंजेलिस

डॉजर्सच्या मैदानावर पत्रकारांसमोर ओहतानी नवा दुभाषी घेऊन बसला. सुमारे बारा मिनिटं बोलला, प्रश्न घेतले नाहीत. आपण बेसबॉलवर किंवा कुठल्याही खेळावर कधी बाजी लावली नाही, कुणाला लावायला सांगितली नाही, बुकीला पैसे पाठवले नाहीत. विश्वास टाकलेल्या माणसानं हे केल्याचं दुःख त्यानं बोलून दाखवलं.

पुढे त्यानं स्वतःचा फोन तपासकर्त्यांच्या हवाली केला. दोघांमधल्या संदेशांची सुमारे ९,७०० पानं जपानी जाणणाऱ्या अधिकाऱ्यानं वाचली. सट्टा, बाजी, बुकी, कशाचाही उल्लेख नाही. ११ एप्रिलला केंद्रीय वकील मार्टिन एस्ट्राडा यांनी मिझुहारावर बँक फसवणुकीचा आरोप जाहीर केला आणि ओहतानी या प्रकरणात पीडित असल्याचं स्पष्ट सांगितलं. आणखी एक गोष्ट त्या कागदपत्रांत होती : २०२४च्या पहिल्या तीन महिन्यांत मिझुहारानं त्याच खात्यातून सुमारे सव्वातीन लाख डॉलरची बेसबॉल खेळाडूंची संग्राह्य कार्डं मागवली होती, पुन्हा विकायला. बुकीचं देणं थकलेलं, चौकशी दारात, आणि तरीही खात्यात हात जातच होता.

४ जून २०२४ला मिझुहारानं बँक फसवणूक आणि खोटं करविवरण हे दोन्ही गुन्हे कबूल केले. मेजर लीग बेसबॉलनं ओहतानीची चौकशी त्याच दिवशी बंद केली. त्या हंगामात ओहतानीनं ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस नोंदवले. पन्नास-पन्नासचा पल्ला त्याच्याआधी कुणी गाठला नव्हता. डॉजर्स विजेते ठरले.

६ फेब्रुवारी २०२५ला न्यायाधीश जॉन हॉलकॉम्ब यांनी मिझुहाराला ५७ महिन्यांची कैद सुनावली. ओहतानीला १,६९,७५,०१० डॉलर आणि करखात्याला ११ लाखांहून अधिक डॉलर परत करण्याचा आदेश दिला. न्यायालयाला लिहिलेल्या पत्रात मिझुहारानं रात्रंदिवसच्या कामाची, अपुऱ्या पैशाची कैफियत मांडली होती. सरकारी पक्षानं ती फेटाळून लावली. शिक्षा भोगून झाल्यावर त्याला जपानला परत पाठवलं जाण्याची शक्यता आहे. त्याची शाळा आणि त्याचं बालपण कॅलिफोर्नियातलं आहे.